अप्पांचं शटर

भावाला फोन लावून ‘अप्पांना आता शटर उचलत नाही’ एवढं सांगितलं, आणि चार वाक्यांत आम्ही बहीणभावांनी वडिलांचं दुकान बंद करून टाकलं.

दुकान सोलापुरात, भवानी पेठेत. चादरी, टॉवेल, पंचे, थोडे खण. दहा फुटी दर्शनी भाग आणि त्याला तेवढंच रुंद पत्र्याचं गुंडाळणारं शटर. अप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आई गेल्यापासून त्यांचं मन घरात लागत नव्हतं, दुकानात लागायचं. गिऱ्हाईक येवो न येवो, साडेनवाला शटर वर, कपाळाला विभूती आणि गादीवर अप्पा. मी सोलापुरातच एका शाळेत क्लार्क, त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहणारी, रोज त्यांचा डबा पोचवणारी. धाकटा भाऊ पुण्यात. काळजी करायचं खातं त्याच्याकडे आणि धावायचं खातं माझ्याकडे, अशी आमची वाटणी. हे मी जरा चिडून लिहितेय, कारण त्या काळात मी सदा चिडलेलीच असायचे.

भावानं ‘आता बास करा, पुण्याला चला’ असा लकडा लावला, तेव्हा अप्पांनी एकच अट घातली होती. ‘ज्या दिवशी शटर माज्या हातानं वर जाणार न्हाय, त्या दिवशी चावी तुमच्या हातात. मग न्या कुटं न्यायचं तितं.’ भावानं ते लगेच कबूल केलं. मीही. म्हातारा माणूस स्वतःच माप ठरवून देतोय, तर आपल्याला भांडण कशाला हवं?

आता आमच्या दुकानाची रीत सांगायला हवी. सकाळी शटर उघडायचं ते घरातल्या थोरल्यानं. आधी आजोबांनी, त्यांच्यानंतर अप्पांनी. उंबऱ्याला हात लावायचा, तो कपाळाला न्यायचा, कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटायचं आणि मग शटरला हात घालायचा. थोरल्याच्या आधी दुसऱ्याचा हात लागला तर दिवस वाया गेला म्हणायचे. आम्ही पोरांनी त्याचा सोयीस्कर अर्थ काढला होता, की शटर हे अप्पांचं काम, आपण लांब उभं राहायचं. अप्पांना ताप आला तर दुकान बंद राहायचं, पण चावी कुणाला मिळायची नाही. त्यामुळे ते शटर किती जड आहे, हे सगळ्या पेठेत एकाच माणसाला ठाऊक होतं.

दिवाळीला भाऊ आला होता, तेव्हा जेवताना अप्पा सहज म्हणाले, ‘शटर लई जड झालंय की.’

भाऊ हसून म्हणाला, ‘अप्पा, नाचता येईना अंगण वाकडं!’

मीही हसले. अप्पाही हसले, आमटीत भाकरी कुस्करली आणि तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

मग बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. ते घरातून नेहमीपेक्षा अर्धा तास आधीच निघायला लागले, पेठ उघडायच्या आधी. दंडावर काळानिळा डाग दिसला, तर म्हणाले कपाटाचं दार लागलं. मार्चमध्ये एक दिवस शाळेत तपासणी होती म्हणून मी डबा सकाळीच घेऊन गेले, तर समोरच्या फुटपाथवरून मला अप्पा दिसले. वाकून शटर उचलत होते. वीतभर वर जायचं आणि परत बसायचं. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. पाचव्या वेळी त्यांनी फटीत खांदा घातला आणि अंगानं रेटत रेटत ते वर नेलं. मग पायरीवर बसले आणि तोंड उघडं टाकून श्वास घेत राहिले.

मी चहाच्या टपरीआड उभी होते. रस्ता ओलांडला नाही. रीत आहे, त्यांना वाईट वाटेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी मोजत होते. भावाला सांगायला मला आकडा हवा होता. तिथूनच मी फोन लावला.

त्याच संध्याकाळी मी गेले तर अप्पांनी आपण होऊन चावी माझ्या हातात ठेवली. ‘घे, अव्वा. झालं माझं.’ लेकीला ‘अव्वा’ म्हणायची आमच्यात पद्धत आहे. मी समजुतीचं मोठं भाषण तयार करून गेले होते, ते तसंच राहिलं. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. उन्हातान्हात डबा घेऊन पळणं संपलं.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत अप्पा जेवढे म्हातारे झाले, तेवढे मागच्या दहा वर्षांत झाले नव्हते. आंघोळीला दुपारचे बारा वाजवायचे. दाढी वाढली. पेपर हातात धरायचे, पण पान उलटायचे नाहीत. जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरायला लागले, आधी धरत नव्हते. आणि मी फोनवर भावाला सांगत होते, ‘बघ, आपण वेळेवर ठरवलं.’

भावानं दुकानासाठी पार्टीही शोधली. रविवारी संध्याकाळी पाचला ती दुकान बघायला येणार, भाऊ पुण्याहून थेट तिथंच येणार, बोलणं पक्कं होणार आणि सोमवारी अप्पा त्याच्या गाडीतून पुण्याला. अप्पांनी आपली बॅग शनिवारीच भरून दाराशी ठेवली.

रविवारी जेवण उरकून मी दुकान झाडायला गेले. ऊन असं होतं की कुलूप पदरानं धरावं लागलं. उंबऱ्याला हात लावला, हँडल धरलं आणि उचललं.

काही झालं नाही.

कुठं कडी अडकली असेल म्हणून मी दोन्ही बाजू बघितल्या. नव्हती अडकली. पुन्हा उचललं. वीतभर वर गेलं आणि हातातून सुटून असं आदळलं की टपरीवाल्यानं मान वळवून बघितलं. तिसऱ्या वेळी मी दात खाऊन जोर लावला, पाठीत उसण भरली, आणि शटर आपल्या जागी.

मी एक्कावन्न वर्षांची आहे. भरलेला गॅस सिलिंडर मी एकटी दुसऱ्या मजल्यावर चढवते. शाळेत टेबलं हलवायची असली की शिपाई मला हाक मारतो. मला ते शटर गुडघ्यापर्यंतसुद्धा उचलता आलं नाही.

मी पायरीवर बसले. पायरी तापलेली होती तरी बसले. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते अप्पांनी आम्हाला सांगितलं होतं. त्यांनी मात्र आमच्या हसण्यावर विश्वास ठेवला आणि स्वतःच्या हातांना दोष दिला. मला त्या क्षणी जी लाज वाटली, तशी आधी कधी वाटली नव्हती.

टपरीवाल्यानं शटरच्या मिस्त्रींना फोन लावून दिला. ते आले तेव्हा अडीच वाजले होते. साठीच्या पुढचे, पांढरी दाढी, सायकलला पिशवी. आम्ही तिघांनी मिळून शटर वर नेलं, खाली बांबूचा टेकू दिला, आणि टपरीवाला त्याच्या गिऱ्हाइकांकडे गेला. मिस्त्री आत दुकानातल्या लाकडी घोडीवर चढले. शटर ज्या पाइपाभोवती गुंडाळतं त्याच्यावरचं पत्र्याचं झाकण त्यांनी काढलं, बॅटरी मारली आणि ते चुकचुकले.

‘इसमें जान कां है, बेटी? पूरा वजन हात पे आरा.’

मग त्यांनी मला समजावलं. पाइपावर स्प्रिंगा असतात. त्यांना पीळ भरलेला असतो, आणि शटरचं वजन खरं तर तो पीळ उचलतो, माणूस नुसता हात लावतो. पाइप जिथं भिंतीला घट्ट आवळलेला असतो तिथले नट सैल झाले होते, आणि पाइप थोडा थोडा उलटा फिरत गेला होता. रोज केसभर पीळ उतरत होता. एका दिवसात कळण्यासारखं ते नव्हतंच.

‘कब से?’ मी विचारलं.

‘दीड-दोन साल तो हुए. कौन उठाते थे?’

‘माझे वडील.’

‘उमर?’

‘अठ्ठ्याहत्तर.’

मिस्त्रींनी घोडीवरून माझ्याकडे बघितलं. ‘रोज?’ त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी बॅटरी पुन्हा पाइपावर मारली.

थोड्या वेळानं म्हणाले, ‘तुमको आज दुकान दिखाना है बोले ना? बांबू लगा के छोड़ दूँ, की स्प्रिंग भरूँ? भरने को घंटा लगता. और मैं अकेला हूँ, दूसरा पाना तुमको पकड़ना पड़ता.’

तेवढ्यात फोन वाजला. भाऊ होता. ‘अक्का, टेंभुर्णी सोडली. शटर उघडलंस ना?’

‘वर आहे,’ मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

फोन ठेवला आणि मी उभी राहिले. बांबू लावून सोडलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. पार्टीनं दुकान बघितलं असतं, भाऊ समाधानानं परतला असता, माझी डब्याची फेरी संपली असती. आणि अप्पा पुण्याच्या सातव्या मजल्यावर, आपले हात संपले असं मानून, राहिलेले दिवस काढत बसले असते. बांबू लावून सोडायचा विचार मला आला नाही असं मी म्हणणार नाही. आला, आणि चांगला मिनिटभर टिकला.

‘भरा,’ मी म्हटलं.

त्यांनी शटरची गुंडाळी दोरानं करकचून बांधली. मला गादीवर स्टूल ठेवून त्यावर उभं केलं आणि हातभर लांबीचा पाइप पाना माझ्या हातात दिला. असाच दुसरा त्यांच्याकडे. पद्धत अशी, की ते आपल्या पान्यानं पाइप पाव फेरा फिरवणार, तिथं मी माझा पाना लावून पाइप धरून ठेवणार, ते आपला पाना काढून नवी पकड घेणार. त्यांची पकड बसेपर्यंतचे ते दोन-चार क्षण सगळा पीळ माझ्या एकटीच्या हातात.

‘छूटा तो पाना घूम के आता,’ ते म्हणाले. ‘मेरा जबड़ा, नै तो तुम्हारा हात. कुछ भी हुआ तो बी छोड़ना नक्को.’

पहिला फेरा सोपा गेला. मला वाटलं, यात काय एवढं. दुसऱ्या फेऱ्याच्या निम्म्यावर पाइप जिवंत झाला. माझ्या हातातला पाना मागं ओढायला लागला, अगदी शांतपणे, न थांबता. स्प्रिंग आतून कुरकुरत होती. पंखा बंद, वर पत्रा तापलेला, तळहातांना घाम. मिस्त्री ‘पकड़ो’ म्हणायचे, मी धरायचे, ते पाना काढायचे, आणि त्यांचं तोंड माझ्या पान्याच्या दांड्यापासून वीतभर अंतरावर असायचं. शेवटच्या पाव फेऱ्याला माझा घामेजलेला हात दांड्यावरून सरकला, बोटभरच. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. मी छातीच दांड्यावर टाकली आणि ओरडले, ‘लावा लवकर!’ त्यांची पकड बसली. मग त्यांनी नट आवळले, एकेक करून, पुन्हा पुन्हा. ‘अब छोड़ो,’ म्हणाले. बोटं उघडायला मला वेळ लागला.

दोर सोडला. मिस्त्रींनी शटर अर्ध्यावर आणलं आणि हात काढून घेतला. ते तिथंच थांबलं, ना वर ना खाली. ‘बरोबर,’ ते मराठीत म्हणाले.

तीन चाळीस झाले होते. मी स्कूटी काढली.

अप्पा कॉटवर बसले होते, बॅगेकडे तोंड करून. मी म्हटलं, ‘अप्पा, दुकानात चला.’

‘मी कशाला? चावी दिली ती दिली. शब्द म्हंजे शब्द.’

‘शटरची स्प्रिंग गेली होती अप्पा. मला उचललं नाही. तिघांनी मिळून वर नेलं.’

त्यांनी तोंड पुन्हा बॅगेकडे वळवलं. त्यांना पटलं नसावं. मी म्हातारपणाची समजूत काढतेय असं वाटलं असेल.

‘माझ्या गळ्याशपथ,’ मी म्हटलं, आणि सोललेले तळहात त्यांच्यापुढं धरले.

त्यांनी ते निरखून बघितले. मग उठले, तोंडावर पाणी मारलं, विभूती लावली, टोपी घातली. जिना उतरताना कठड्याला हात लावला की नाही ते मी मुद्दाम बघितलं नाही.

मिस्त्रींनी शटर पूर्ण खाली ओढून ठेवलं होतं. अप्पा वाकले, उंबऱ्याला हात लावला, कपाळाला नेला, पुटपुटले. मग दोन्ही हात हँडलवर घातले, पाय रोवले आणि मागच्या दोन वर्षांच्या सवयीनं सगळा जीव एकवटून वर ओढलं. शटर सरसरत जाऊन वरच्या चौकटीवर धाडकन आपटलं. अप्पांचे हात वर हवेत तसेच राहिले. मिस्त्री हसले. अप्पा हसले नाहीत. त्यांनी शटर खाली घेतलं आणि पुन्हा वर नेलं, या वेळी हलक्या हातानं. मग पुन्हा. चौथ्या वेळी माझ्याकडे पाठ करून त्यांनी बाहीला डोळे पुसले.

पार्टी पाचला दहा कमी असतानाच आली, भाऊ तिच्या मागोमाग. तोवर अप्पा गादीवर बसले होते आणि तीन आठवड्यांची धूळ बसलेली चादर झटकत होते.

‘अप्पा? तुम्ही हितं?’ भाऊ दारातच थांबला.

अप्पा उठले, बाहेर आले, शटर उंबऱ्यापर्यंत खाली ओढलं आणि एका हातानं वर नेलं. ‘गेलं वर. आता बोल,’ म्हणाले आणि परत जाऊन बसले. भावानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘नंतर सांगते. आधी त्यांची माफी माग, आणि माझ्यासाठीही माग.’

पार्टी बिचारी अवघडून उभी. अप्पांनी त्यांना हातानं खूण केली. ‘बसा की. चादर दाखवू का टॉवेल?’ त्या भल्या माणसानं दोन टॉवेल घेतले आणि घाम पुसत निघून गेला. भाऊ त्याला गाडीपर्यंत सोडायला गेला. पुण्याचं नाव त्या संध्याकाळी कुणी काढलं नाही.

दुकानात आम्ही दोघंच राहिलो. मला राहवेना. मी म्हटलं, ‘अप्पा, चुकलं माझं. एकदा जरी मी शटर उचलून बघितलं असतं, तर कळलं असतं. पण थोरल्यानंच उघडायचं, ही रीत...’

‘पयला हात थोरल्याचा, अव्वा,’ ते चादरीची घडी घालत म्हणाले. ‘दुसरा लावू नये असं कुणी सांगितलं?’

त्यांनी घडी पुरी केली, फळीवर ठेवली.

‘त्या दिवशी तू टपरीपाशी हुतीस. पाचव्या खेपेला मान वर केली तर दिसलीस. मला वाटलं, आता येतीयस.’ त्यांनी दुसरी चादर उलगडली. ‘शटर तर मी उचललं हुतं की, अव्वा. चावी दिली ती त्यासाठी न्हाय.’